आधी बोल, मग विडा

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की त्या गावाचं नाव आता कुणाला आठवत नाही आणि तिथल्या राजाचंही नाही. गोष्ट मात्र राहिली. गोष्टी माणसांपेक्षा चिवट असतात.

तर त्या गावात एक तळं होतं. वर टेकडीवर राजवाडा, खाली गाव आणि मधे मातीच्या बांधानं अडवलेलं तळं. डोंगरातले ओहोळ खळखळत यायचे आणि त्यात उतरायचे. कुंभार तिथली चिकणमाती न्यायचे, भोई जाळी टाकायचे, परीट कपडे आपटायचे, गवळ्यांच्या म्हशी दुपारभर नुसतं नाक वर काढून बसायच्या. आणि थंडी पडली की लांबच्या मुलखातून करकोचे यायचे. एका पायावर उभे राहून असे विचारात पडायचे, जणू राज्य त्यांनाच चालवायचं आहे.

राजाला या करकोच्यांचं भारी वेड. तुमच्या-आमच्या लेकरांना काऊचा घास, चिऊचा घास असतो ना, तसा त्याला लहानपणी करकोच्याचा घास असायचा. आई त्याला गच्चीवर न्यायची, तळ्याकडे बोट दाखवायची आणि करकोचे बघताना तोंड उघडलं की घास आत.

पुढे तळं आटत चाललं. मासे कमी झाले, पाण्याला वास यायला लागला. एका थंडीत करकोचे आलेच नाहीत. दुसऱ्या थंडीतही नाहीत. राजाला जेवण गोड लागेना.

आता हा राजा वाईट नव्हता बरं का. चांगला सज्जन होता. तो म्हणाला, "तळं सगळ्यांचं आहे. मग सगळ्यांना विचारूनच काय ते ठरवू." त्यानं दवंडी पिटवली, घरटी एका माणसानं दरबारात यावं.

इथपर्यंत सगळं नीट होतं. घोळ झाला तो विड्यानं.

त्या दरबाराची एक जुनी रीत होती. आत येणाऱ्याच्या हातात आधी विडा ठेवायचा. आणि तो विडा तरी केवढा! लहान मुलाच्या मुठीएवढा. कात, चुना, सुपारी, लवंग, वेलदोडा, वरून केशर. तोंडात घातला की गाल मारुतीरायासारखे फुगायचे. विडा हातात धरून उभं राहिलं तर राजाचा अपमान. आणि तोंडात विडा असताना बोललं तर त्याहून मोठा अपमान! कारण फार पूर्वी एकजण भरल्या तोंडानं "महाराज" म्हणायला गेला होता आणि आजोबा महाराजांच्या पांढऱ्याशुभ्र अंगरख्यावर तांबडी रांगोळी उठली होती. तेव्हापासून दरबारात सगळे गप्प उभे राहायचे.

सगळ्यांचे गाल फुगल्यावर राजानं विचारलं, "मी म्हणतो, तळ्याभोवती भिंत बांधू. आत कुणीच जायचं नाही. माणूस नाही, म्हैस नाही. म्हणजे तळं आपोआप बरं होईल. पटतंय ना?"

"हं हं," अख्खा दरबार म्हणाला.

"कुणाची हरकत?"

"उं हूं."

राजाचे डोळे भरून आले. "प्रधानजी, बघा! केवढी एकमताची प्रजा आहे माझी!"

"हं हं," प्रधानजी म्हणाले. त्यांच्या तोंडात तर विडा बारमाही असायचा.

त्या गावाच्या खालच्या आळीत कुंभारांची घरं होती. तिथं गोजरा नावाची एक सून राहायची. नवरा चाकावर मडकी घडवायचा, ही माती तुडवायची, आणि पदरात एक रांगतं लेकरू होतं.

गोजरेला एक खोड होती, काळजी करायची. लेकरू चाकाकडे रांगलं तर? भट्टीकडे गेलं तर? मातीचा गोळा तोंडात घातला तर? बरं, ते गप्प एका जागी बसलं, तर हिला आणखी घोर. असं गप्प का बसलंय? दुखत असलं तर? कुणी काही म्हणालं की हिचं ठरलेलं, "ते खरं हो, पण असं झालं तर?" आळीतल्या बायकांनी तिचं नावच पाडलं होतं. पाणवठ्यावर ती दिसली की म्हणायच्या, "आल्या बघा झालंतर-बाई! घागर सांभाळा गं, फुटली तर?" आणि खदाखदा हसायच्या.

त्या दिवशी दरबारातून सासू घरी आली. ओठ लालचुटुक झालेले.

गोजरेनं विचारलं, "आत्याबाई, काय ठरलं तळ्याचं?"

"कोण जाणे बाई. विडा मात्र झकास होता. केशर होतं."

"अहो, पण महाराज काहीतरी बोलले असतील ना?"

"बोलले की. सगळे हं म्हणाले, मी पण हं म्हणाले. तोंडात एवढा ऐवज असताना कानाला ऐकू येतंय कुठं?"

"पण आपल्या वाईटाचं काही ठरलं असलं तर?"

"झालं तुझं सुरू! अगं, राजा शहाणा आहे. तू आपली माती तुडव."

उन्हाळा तापायच्या आत भिंत उभी राहिली. चांगली दगडी, पुरुषभर उंच. तिला एकच दार, दाराला कुलूप, आणि कुलपाची किल्ली प्रधानजींच्या कमरेला.

गाव तोंडात बोट घालून बघत राहिला. आपण याला हं म्हणालो होतो होय!

मग ज्याचं त्याला भोगावं लागलं. भोई मासळीसाठी दूरच्या नदीवर जाऊ लागले. परीट आडाच्या पाण्यावर कपडे धुऊ लागले आणि आडावरच्या बायकांशी रोज नवं भांडण करू लागले. म्हशी भिंतीला अंग घासून घासून कंटाळल्या. कुंभारांना माती आणायला डोंगरापलीकडे जावं लागलं, आणि ती माती सगळी खड्यांची. भट्टीतून मडकं काढावं तर त्याला चीर. विकायला नेलं की बायका टिचकी मारून बघायच्या आणि म्हणायच्या, "हे तर आत्ताच खोकतंय!"

एवढं सोसून तळं तरी सुधारलं का? नाव नको. ओहोळांची तोंडं भिंतीनं बुजली. पावसाचं पाणी भिंतीला धडकून वळायचं आणि खालच्या आळीत शिरायचं. आतला गाळ कुणी काढेना, तो साचत गेला. लव्हाळं डोक्याएवढं वाढलं. एवढं मोठं तळं, त्याची नुसती परात झाली. गच्चीवरून बघणाऱ्या राजाला हिरवं हिरवं दिसायचं. करकोचा एकही नाही.

राजा खूप विचार करून म्हणाला, "भिंत बुटकी पडली."

औषध लागू पडलं नाही की तेच दुप्पट पाजायचं, असे काही वैद्य असतात ना, त्यातली गत. राजानं बेत केला, भिंत दुप्पट उंच करायची आणि ते एक दारही दगडांनी बुजवून टाकायचं. पण सज्जन माणूस, विचारल्याशिवाय करणार नाही. पुन्हा दवंडी फिरली, घरटी एका माणसानं यावं.

दवंडी ऐकून गोजरेचा नवरा चाकाशेजारी बसून राहिला. चाक कोरडं पडलं होतं. तो म्हणाला, "दार आहे तोवर आशा होती. आज ना उद्या उघडेल म्हणून कळ काढली. दार बुजलं की संपलं. मग चाक उचलायचं आणि घाटाखाली माझ्या मामाच्या गावाला जायचं."

गोजरेच्या डोक्यात काळज्यांची रांग लागली. घाटाखाली? तिथं ओळखीचं कोण आहे? तिथल्या पाण्यानं लेकराला खोकला झाला तर? तिथं मामींनी घरात घेतलं नाही तर? घरच्या आढ्याला टांगलेल्या पाळण्याकडे तिनं पाहिलं. हा पाळणा सोडायचा आणि कुठल्या आढ्याला बांधायचा?

दरबाराच्या दिवशी नवरा डोंगरापलीकडे मातीला गेला होता आणि सासूचा पाय मुरगळलेला. म्हणजे जायचं कुणी? गोजरेनंच. तिनं लेकराला कडेवर घेतलं.

सासू खाटेवरून म्हणाली, "गोजरे, एक लक्षात ठेव. विडा खाऊन येऊ नकोस. पदराला बांधून आण. दात गेले तरी काय झालं, मी खलबत्त्यात कुटून खाईन."

"अहो आत्याबाई, पण राजासमोर विडा खाल्ला नाही तर अपमान होतो म्हणे. त्यांनी बघितलं तर?"

"ते तू बघून घे. विडा मात्र आण."

गोजरेनं वाटेनं चालता चालता हिशेब मांडला. राजाचा राग एका दिवसाचा, सासूचा जन्माचा. तिनं ठरवलं, विडा घरी न्यायचा.

दरबारात विडा हातावर पडताच तिनं तो गुपचूप पदराच्या गाठीत सरकवला. आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून गालात हवा भरून घेतली. चांगले टम्म गाल फुगवून ती खांबाशेजारी उभी राहिली. इतरांसारखीच दिसत होती.

राजा बोलू लागला. भिंत दुप्पट करू. दार बुजवू. मग करकोचे नक्की येतील. "पटतंय ना?"

"हं हं," दरबार म्हणाला.

"कुणाची हरकत?"

दरबार आता उं हूं म्हणणार, तेवढ्यात कडेवरच्या लेकराला आईचा तो फुगलेला गाल दिसला. इतका गोल गाल त्यानं आधी कधी बघितला नव्हता. त्यानं आपलं इवलंसं बोट त्यात खुपसलं.

फुस्सऽऽ!

शांत दरबारात तो आवाज केवढा तरी मोठा झाला. सगळ्या माना वळल्या.

राजा ताडकन उठला. "कोण बोललं?"

"मी नाही महाराज, हवा बोलली," गोजरा घाबरून म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण राजाशी बोललो.

"तुझ्या तोंडात विडा नाही?"

"नाही महाराज."

"मग कुठं आहे?"

"पदरात. सासूबाईंनी मागवलाय. त्यांचा पाय मुरगळलाय, म्हणून त्या आल्या नाहीत. नाहीतर त्याच आल्या असत्या, आणि त्यांनी खाल्लाही असता."

लोकांना असं हसू फुटलं, की तोंडं आवरता आवरता कित्येकांच्या उपरण्यांवर नक्षी उमटली. राजालाही हसू आलं. आणि हसता हसता त्याला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. या दरबारात आपल्या प्रश्नाला शब्दांत उत्तर मिळालं, हे आज पहिल्यांदाच.

तो म्हणाला, "बरं बाई, तोंड मोकळंच आहे तर सांग. वाढवायची ना भिंत?"

हं म्हणावं आणि सुटावं, असं गोजरेला वाटलं. पण डोळ्यांसमोर आढ्याचा पाळणा आला. आणि तोंडातून सवयीनं तेच निघालं, जे नेहमी निघायचं.

"महाराज, पण भिंत वाढवली आणि तरी करकोचे आले नाहीत तर?"

राजा गोंधळला. हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. "तर... आणखी वाढवू."

"आणि ओहोळाचं पाणी आत गेलंच नाही तर? आत्तासुद्धा ते जात नाही. भिंतीला धडकून आमच्या आळीत येतं. मागच्या पावसात माझ्या चुलीत बेडूक बसला होता."

"पाणी आत जात नाही? हे मला आजवर कुणी कसं सांगितलं नाही?"

"कसं सांगतील महाराज? सगळ्यांच्या तोंडात विडा आहे."

राजानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. सगळीकडे फुगलेले गाल, आणि गालांच्या वर बोलायला आतुर झालेले डोळे. आजवर त्याला फक्त गाल दिसले होते.

मग एक म्हातारा भोई हळूच पिकदाणीपाशी गेला. वाकला. थुंकला. पितळी पिकदाणी ठण्णकन वाजली. त्याच्यामागून परीट गेला. मग गवळण गेली. मग तर रांगच लागली, आणि पिकदाण्या पुरेनात.

तोंडं मोकळी झाली आणि जे सुरू झालं, ते काय सांगू!

म्हातारा भोई म्हणाला, "महाराज, तळ्याची वाट लावली ती या परटांनी. कपडे धुवायचा खार ओतून ओतून मासा आंधळा केला!"

"आणि तू रे?" परीट उसळला. "चाळणीसारखं बारीक जाळं टाकून माशांची पोरंसोरं उचलतोस, ते कोण सांगणार? तुझा बाप?"

"म्हशींनी पाणी गढूळ केलं!" कुणीतरी मागून ओरडलं.

"म्हशींचं नाव काढायचं काम नाही," गवळण कंबरेवर हात ठेवून पुढं झाली. "सणाला तूप खाताना म्हशी गोड लागतात वाटतं! अरे, कुंभारांनी बांधाच्या मुळाशी खणून खणून बांध पोकळ केलाय, ते बोला आधी!"

गोजरेनं मान खाली घातली. कारण ते खरं होतं. बांधाखालची माती घराजवळ पडायची, म्हणून तिचा नवरा तिथूनच आणायचा. सासराही तिथूनच आणायचा. त्याचाही बाप तिथूनच.

आवाज चढत गेले. राजानं कानांवर हात ठेवले. प्रधानजींनी घाईघाईनं हात हलवला, आणि सेवक विड्यांची नवी तबकं घेऊन आत आले. विडे बघताच चार-दोन हात सवयीनं पुढंही झाले.

गोजरेनं ती तबकं पाहिली. एकदा का हे विडे तोंडात गेले, की सगळे पुन्हा हं म्हणणार. दार बुजणार. चाक उचललं जाणार. तिनं लेकराला घट्ट धरलं आणि ओरडली, "महाराज, विडे नका देऊ! भांडू द्या त्यांना!"

"अगं, पण हा गोंगाट ऐकवत नाही मला!"

"मलाही नाही ऐकवत. माझं तर पोट दुखायला लागलंय. पण महाराज, लेकरू रडायला लागलं आणि त्याच्या तोंडात बोळा कोंबला, तर रडणं थांबेल हो. दुखणं थांबेल का?"

राजाचे हात कानांवरून खाली आले. मग त्यानं सेवकांना खूण केली, आणि तबकं आल्या वाटेनं परत गेली.

"भांडा," राजा म्हणाला. "पण इथं नको. ज्याच्यावरून भांडायचं, त्याच्या काठावर बसून भांडू."

भिंतीचं दार उघडलं. सगळे बांधावर जाऊन बसले. राजासाठी सिंहासन आणायचं म्हणत होते, पण बांधावर ते कलंडायला लागलं, तेव्हा राजाही गवतातच बसला. बायकांनी भाकऱ्या आणल्या, मुलं चिखलात उतरली, आणि भांडण रीतसर सुरू झालं. ते काही एका दिवसात संपलं नाही. लोक संध्याकाळी घरी जायचे आणि सकाळी नव्या दमानं यायचे.

पहिल्याच दिवशी भोई म्हणाले, "पाडा ती भिंत, आणि पूर्वीसारखं सगळ्यांना सोडा आत."

सगळ्यांनी "हो हो" केलं. गोजरेला मात्र राहवेना. "पण सगळे एकदम तुटून पडले, आणि पूर्वीसारखं तळं आटलं तर?"

लोकांनी डोकी खाजवली. भिंत नव्हती तेव्हाही करकोचे गेलेच होते की!

"मग म्हशींना बंदी करा," परीट म्हणाला.

"आणि म्हशींनी लव्हाळं खाल्लं नाही, आणि ते असंच माजलं तर?"

"मग म्हशींना सगळीकडे मोकळं सोडा," गवळण खूश होऊन म्हणाली.

"आणि त्यांनी सगळंच लव्हाळं खाल्लं, तर करकोच्यांनी लपायचं कुठं?"

"अगं भवाने, तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मला काय माहीत! मला आपली काळजी वाटते!"

बांधावर हशा पिकला. पण हळूहळू असं व्हायला लागलं, की कुणीही काही सुचवलं की लोक आधी गोजरेकडे बघायचे. तिचं "पण असं झालं तर" पार करून जे पुढं जाईल, ते पक्कं. ज्या बायका तिला पाणवठ्यावर चिडवायच्या, त्याच आता विचारायला लागल्या, "गोजरे, बघ गं, यात काही काळजी करण्यासारखं आहे का?"

असं करता करता एकेक गाठ सुटली. म्हशींनी एकाच कोपऱ्यात डुंबायचं. दुसऱ्या कोपऱ्यातलं लव्हाळं करकोच्यांसाठी राखायचं, त्याला कुणी विळा लावायचा नाही. भोयांनी मोठ्या भोकांचं जाळं वापरायचं, आणि माशांच्या पोटात गाभोळी, म्हणजे अंडी असतील तेव्हा जाळं वाळत टाकायचं. परटांनी कपडे धुवायला काठापासून लांब दगडी दोण्या करायच्या आणि खाराचं पाणी तळ्यात सोडायचं नाही. ओहोळांची तोंडं सगळ्यांनी मिळून उघडायची. आणि कुंभारांनी?

गोजरा स्वतःच उठली. "आम्ही बांधाला हात लावणार नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मधला गाळ काढू. लांब पडेल, पाटी जड होईल. पण बांध फुटला तर सगळ्यात आधी आमचीच आळी बुडेल. त्या काळजीपेक्षा पाटी हलकी."

राजा खूश झाला. "ठरलं तर मग! सगळ्यांनी आपापलं काहीतरी सोडलं. आता राहिलं काय?"

गोजरा खाली बसेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभीच राहिली.

"अजून काही आहे का बाई?"

"महाराज, एक राहिलं. पण तुम्ही रागावलात तर?"

"नाही रागावणार. बोल."

"आम्ही सगळ्यांनी सोडलं... आणि राजवाड्याची मोट तशीच चालू राहिली तर?"

भोई आभाळाकडे बघू लागले. परटाला एकदम खोकला आला. राजवाड्याच्या मागून तळ्याला मोट लावली होती, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बोललं मात्र कुणीच नव्हतं. त्याला विड्याचंही कारण नव्हतं. ते निव्वळ भय होतं.

राजाचा चेहरा लाल झाला. गोजरेला वाटलं, संपलं. घाटाखालचं गाव दूर नाही, आजच निघावं लागणार.

"प्रधानजी," राजा म्हणाला, "मोट किती चालते?"

"हं हं."

"थुंका, प्रधानजी."

प्रधानजींनी इकडं तिकडं बघितलं. मग लव्हाळ्याच्या आड जाऊन आले. किती तरी वर्षांनी त्यांचं तोंड रिकामं झालं होतं, त्यामुळे आवाज पिपाणीसारखा बारीक निघाला. "रात्रंदिवस चालते, महाराज. बागेतल्या कारंज्यांसाठी."

"आणि हे तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"आपण विचारायचात तेव्हा माझ्या तोंडात विडा असायचा, महाराज. आणि खरं सांगायचं तर... बरं असायचं ते."

राजानं तळ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याची लाली हळूहळू उतरली. मग तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "माझ्या करकोच्यांचं पाणी मीच कारंज्यात उडवत होतो." आणि मोठ्यानं म्हणाला, "कारंजी बंद. बागेला एक वेळ पाणी, तेही विहिरीचं. सगळ्यांनी सोडलं, मग राजानंही सोडायला नको?"

गोजरा मटकन खाली बसली. लेकरू तिच्या मांडीवर चढून गाल चाचपायला लागलं. गाल आता फुगलेला नव्हता, पण हसत होता.

भिंत पाडली गेली. तिच्याच दगडांतून परटांच्या दोण्या झाल्या, कुंभारांना गाळ आणायची पायवाट झाली. सगळं एकदम सरळ झालं असं समजू नका. पहिल्या वर्षी पाऊस बेताचा झाला. एका गवळ्याची म्हैस राखलेल्या कोपऱ्यात घुसली आणि पुन्हा भांडण पेटलं. मग पुन्हा सगळे बांधावर बसले, पुन्हा भाकऱ्या आल्या. पण आता भांडायला कुणी घाबरत नव्हतं. ठरवलेलं आपलं होतं, म्हणून राखणही प्रत्येकजण करायचा. राजाला पहारेकरी ठेवावा लागला नाही.

तळं भरलं. गोजरेच्या घरचं चाक पुन्हा गरगरायला लागलं, आणि तळ्यातल्या गाळाची मडकी अशी निघाली, की टिचकी मारली की देवळातल्या घंटेसारखी वाजायची. पाळणा आढ्यालाच राहिला. पुढं त्यात दुसरं लेकरू आलं.

आणि एका थंडीच्या सकाळी लव्हाळ्याच्या कडेला एक करकोचा दिसला. एकच. बाकीच्यांनी जणू त्याला पुढं पाठवलं होतं, जा बाबा, बघून ये. तो एका पायावर उभा राहिला, बराच विचार केला आणि उडून गेला. गाव श्वास रोखून बसला. चार दिवसांनी आभाळात क्रें क्रें ऐकू आलं, आणि थवाच्या थवा खाली उतरला. राजा गच्चीवर जेवत होता. हातातला घास हातातच राहिला.

गोजरा म्हणाली, "आले खरे. पण धाकटं रांगत त्यांच्यामागं पाण्यात गेलं तर?" आणि तिनं धाकट्या लेकराच्या कमरेला दोरी बांधली.

दरबाराची रीतही बदलली. विडा अजून देतात, तोच, लहान मुलाच्या मुठीएवढा, केशर घातलेला. पण आता दारातच सांगतात, "आधी बोल, मग विडा."

पुढच्या वर्षीची गंमत सांगते आणि थांबते. बांधावर सभा भरली होती. राजाला एक नवी कल्पना सुचली होती. तळ्याच्या मधोमध संगमरवरी बेट बांधायचं, करकोच्यांना उभं राहायला. तो उत्साहानं सांगू लागला, आणि सांगता सांगता थांबेचना. तेव्हा गोजरेची सासू उठली. पाय आता बरा होता. तिनं पदराची गाठ सोडली, आतला विडा काढला आणि राजासमोर धरला.

"महाराज, आधी तुम्ही खा."

राजानं विड्याकडे पाहिलं. म्हातारीकडे पाहिलं. आणि मुकाट्यानं विडा तोंडात घातला. गाल टम्म फुगले. मग भोई, परीट, गवळण, कुंभार, सगळे एका सुरात म्हणाले,

"महाराज, पण बेट बांधलं आणि करकोचे घाबरून पळाले तर?"

राजाचे डोळे हसले. तो मान डोलवत म्हणाला, "हं हं."

त्या राज्यात भरल्या तोंडानं दिलेला तो पहिला खरा होकार.

तात्पर्य: ज्यांचं तळं त्यांची तोंडं आधी मोकळी करावीत, तोंड बंद करून मिळवलेल्या होकारानं भिंत उभी राहते, तळं भरत नाही.